एका माणसाचा भात

परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, मोटरसायकलवर तंबू टाकून हिंडायला निघालो, तर स्वयंपाकाचं सामान कोणतं न्यावं?" आणि लगेच म्हणालास, "पण तुला कसं माहीत असणार म्हणा." मला माहीत आहे. एक अख्खा हिवाळा मी त्याच विषयात घालवला आहे. ज्यांच्यामुळे घालवला, त्यांच्याविषयी तुम्हा दोघांना कधीतरी नीट लिहायचं मनात होतंच.

आमच्या पनवेलच्या बिल्डिंगचे मालक तुम्हाला आठवत असतील. लहानपणी तुम्ही त्यांना 'उभे आजोबा' म्हणायचात, कारण तुम्ही त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. मीही फारसं पाहिलं नव्हतं. दोन्ही गुडघे गेलेले. एकदा बसलं की उठताना कुणाचा तरी हात धरावा लागे, आणि ते त्यांना मान्य नव्हतं. म्हणून ते माझ्या दाराच्या चौकटीला खांदा लावून उभे राहत, चहाचा कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवत आणि बोलणं संपलं की तसेच निघून जात. मोटरसायकलवर मात्र ते बसत. जुनी, जड, सगळ्या गल्लीला जाग आणणारी गाडी. "हीच माझी खुर्ची हाय," म्हणत. "हिच्यावरनं उठायला कुनी लागत नाय."

आता त्यांचे गुडघे नवे आहेत. पनवेलजवळ नेरे गावात शेतावरच्या घरी राहतात आणि चांगले खुर्चीवर बसतात-उठतात. मोटरसायकल मात्र गेली.

आमची बिल्डिंग त्यांच्या भाताच्या शेतावर उभी आहे. मागच्या बाजूला त्यांचं घर होतं. तीन भाऊ, तिघांच्या बायका, मुलं, सुना, नातवंडं, आणि सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर. त्या घरात भाताचा टोप चुलीवरून उतरवायला दोन बायका लागत. पोस्टमन असो, मीटर बघायला आलेला माणूस असो, जेवायच्या वेळी दारात सापडला की त्याला ताटावर बसवत. मालकांच्या बायकोला मी वहिनी म्हणायची. एकदा त्यांना विचारलं, इतकं कशाला शिजवता, उरत असेल. त्या म्हणाल्या, "उरला तर उरला. कमी शिजवला का घरान कुनी गेल्यासारखा वाटतंय."

अशा घरातला माणूस एका सकाळी माझ्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "म्याडम, एक विचारू? हसायचं नाय."

"विचारा."

"एका मानसाचा भात करायचा, तर तांदूळ किती टाकायचा?"

मी हसले नाही. तुमचे आजोबा गेल्यानंतर मलासुद्धा तो अंदाज यायला बरेच दिवस लागले होते. रोज उरायचं. हा प्रश्न हसण्यासारखा नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. मी एवढंच विचारलं, "कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

मग सगळं बाहेर आलं. पावसाळ्याच्या आत दोन्ही गुडघे बदलायचं ठरलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मग मोटरसायकल विसरा. मुलांनी तिला गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. आणि मालकांना त्याआधी एकदा, एकट्यानं, समुद्राच्या कडेकडेनं दक्षिणेला जायचं होतं.

"जनम गेला पळस्प्याचा फाटा बघन्यात," ते म्हणाले. "तिथनं गोव्याचा रस्ता फुटतो. रोज बघतो. पन गेलो कवा? देवाला नायतर लग्नाला. दोन गाड्या भरून. गाडीत पोरं वकतायत, बायका गातायत. एकटा असा मी कवाच कुठं गेलो नाय. संडास सोडून."

अडचण होती वहिनींची. मालकांना साखरेच्या गोळ्या चालू होत्या. वेळेवर खाल्लं नाही की हात थरथरत. पुतण्याच्या लग्नात पंगतीमागून पंगत वाढत राहिले, स्वतः जेवायचं राहिलं आणि मांडवातच कोसळले. बाहेरचं तेलकट खाल्लं की वेगळा त्रास. तेव्हा वहिनींनी अट घातली होती. जायचं तर वेळच्या वेळी, साधं, स्वतःच्या हातचं खायचं. त्यासाठी मोटरसायकलच्या एका पेटीत मावेल एवढंच सामान न्यायचं, आणि त्या सामानावर आधी अंगणात पूर्ण जेवण करून दाखवायचं. दाखवलं तर जा. नाही दाखवलं तर गुडघे बदलून खुर्चीवर बसा.

अट घालताना वहिनींना पूर्ण खात्री होती. या माणसानं जन्मात चहासुद्धा केला नव्हता.

"तुमी एकट्यासाठी शिजवता," मालक म्हणाले. "शिवाय विंग्रजी वाचता. ते सगळं सामान विंग्रजीत येतं."

मी कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलं. कुणी पुस्तक मागायला आलं की आधी विचारायचं, तुम्हाला नक्की काय शोधायचंय. सामानाचंही तसंच आहे, आणि तुलाही हेच सांगते. सगळे जण आधी स्टोव्ह विकत घेतात आणि मग त्यावर काय शिजेल ते बघत बसतात. उलट करायचं. आधी ताट ठरवायचं, मग भांडं, मग आग.

ताट सोपं होतं. त्यांना भात हवा, सुकट हवी आणि तांदळाची भाकरी हवी. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोलंबी. ती हलकी असते, टिकते आणि तिचं कालवण पटकन होतं. भाकरीवर मात्र आम्ही अडलो. भाकरीला परात हवी, थापायला जागा हवी आणि थापणारा हात हवा. त्यांच्या हातून भाकरी उचलतानाच फाटे. तीनचार सकाळी वाया गेल्यावर मी म्हटलं, घावन करा. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, तव्यावर ओतायचं, झाकायचं. परात गेली, थापणं गेलं.

ते ऐकून वहिनी म्हणाल्या, "थापायला दंडात ताकद लागते. वतायला काय, पान्याचा नळ पन वततो." पण घावन चालेल म्हणाल्या.

मग भांडं. आधी आम्ही इंटरनेटवरून टायटॅनियमचा एक डबा मागवला. मालकांच्या खिशात त्या दिवसांत एक लोंबता काटा असे, रद्दीवाल्यांकडे असतो तसा. जे दिसेल ते त्याला अडकवून वजन बघायचं. टायटॅनियमचा डबा अडकवला तर काटा जेमतेम हलला. ते इतके खूश झाले, की मग माझा इंग्रजी शब्दकोश अडकवून बघितला. "याच्या वजनात माझा टोप, तवा, शेगडी सगळं येतंय," म्हणाले. "तुमी घरीच वाचता, बरं हाय." पण त्या डब्यात भात करायला घेतला तर मधोमध काळं भोक पडल्यासारखा करपला आणि कडेचा कच्चा राहिला. इतका पातळ पत्रा आच पसरू देत नाही. पाणी उकळायला तो चांगला. ज्यांचं जेवण पाकिटातून येतं त्यांच्यासाठी तो आहे. भात खाणाऱ्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

शेवटी भांडं मिळालं ते बाजारात, एका कोकणी मुसलमान भांडीवाल्याकडे. तो बरीच वर्षं आखातात नोकरी करून आला होता. मालकांनी त्याला सांगितलं, एका माणसाचा टोप दाखवा, आणि सांगताना जरा इकडेतिकडे बघितलं, कुणी ओळखीचं नाही ना.

"सर, बरोबर दुकानात आलात," तो म्हणाला. "खोलीवर आम्ही आठ जण. आठ जणांचे आठ टोप."

मालकांना हे पटेना. "एका खोलीत आठ टोप? एकात का नाय शिजवायचं?"

"ड्यूटी वेगळी, टाइम वेगळा, भूक वेगळी. कोण कुणासाठी थांबणार? मी रात्रपाळीवरून यायचो, भात टाकायचो, जेवायचो, टोप धुवून उलटा ठेवायचो. अल्ला का शुकर, कधी उपाशी झोपलो नाही."

"एकटाच जेवायचा?"

"मग काय भिंतीला बोलवू?"

मालकांनी त्यानं काढून दिलेला टोप घेतला. जाड बुडाचा, ॲल्युमिनियमचा, काठ बाहेर वळलेला, म्हणजे साधी पकड लावून उचलता येईल. त्या परदेशी संचांमध्ये घडीच्या मुठी असतात आणि त्यांची फार वाखाणणी केलेली असते. आपली पकड ते सगळं काम करते, आणि एकच पकड टोपाला, तव्याला, झाकणाला चालते. टोपाच्या झाकणावर बसेल असा वीतभर तवा घेतला. झाकण म्हणजेच ताट. एक वाटी, एक पळी. आत पकड आणि तांदळाची पुरचुंडी ठेवली की सगळं एकात एक बसून एका फडक्यात बांधलं जाई.

राहिली आग. मालकांचे धाकटे भाऊ म्हणाले, "दादूस, तीन दगडं मांड, काटक्या घाल. रस्त्यावर दगडांना काय तोटा हाय?" पण तीन दगडांपुढे उकिडवं बसावं लागतं, आणि इथे तर माणूस बसूच शकत नव्हता. शिवाय हिवाळ्यात कडेचं गवत वाळलेलं असतं. ठिणगी उडाली तर टोपाआधी डोंगर शिजायचा.

मालकांच्या मनात पेट्रोलची शेगडी होती. "गाडीच्या टाकीतलंच पेट्रोल. येगळं काय न्यायलाच नको." विचार वाईट नव्हता. शेगडी आली तेव्हा मी ओळखलीच. आमच्या तरुणपणी घरोघरी रॉकेलचा स्टोव्ह होता, हवा भरायची, आधी काकडा लावून बर्नरचं डोकं तापवायचं, पिन मारायची. तेच यंत्र, फक्त घडी होणारं. मी त्यांना सांगितलं, डोकं पुरतं तापल्याशिवाय चावी उघडू नका. त्यांनी घाई केली. हातभर ज्वाळा उठली आणि खाली बसली. दुसऱ्या दिवशी वहिनींनी मला जिन्यात गाठलं.

"म्याडम, तुमचे शाळंत भात शिकवतात का हजामत? अर्धी मिशी कुठं गेली?"

पेट्रोलची शेगडी परत गेली.

मग गॅसच्या लहान नळकांड्यावर थेट बसणारी शेगडी आणली. मुठीत मावते, वजन नाही, सगळे तिचीच शिफारस करतात. टोपाला ती छान चालली. पण घावनासाठी तवा ठेवला, वाऱ्यासाठी भोवती पत्र्याचा आडोसा लावला, आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी खालच्या नळकांड्याला बोट लावून पाहिलं. ते तापलं होतं. रुंद तवा आच खाली परतवतो आणि आडोसा ती कोंडून धरतो. मी शेगडी बंद केली आणि म्हटलं, ही नको. तूही नीट ध्यानात ठेव. नुसता चहा करणार असशील तर ती घे. तवा ठेवणार असशील तर नळीवाली घे, म्हणजे गॅस एका बाजूला राहतो आणि शेगडी दुसऱ्या बाजूला. तिचे पाय फाकलेले असतात, बुटकी असते, कलंडत नाही. थोडं वजन वाढतं. वाढू दे.

मालकांनी ती काट्याला अडकवली, तोंड वाकडं केलं आणि ठेवून घेतली. मोटरसायकलच्या पेटीच्या झाकणावर ती व्यवस्थित बसली. पेटी कमरेच्या उंचीवर, शेगडी तिच्यावर, माणूस उभा. गुडघ्यांना काही काम उरलं नाही.

माझ्या घरात सुकट शिजत नाही, म्हणून पहिली पूर्ण तालीम आम्ही नेऱ्याला त्यांच्या शेतावर केली. मी रिक्षानं गेले, ते मोटरसायकलवर. तांदूळ मोजायला मी पाऊण वाटी सांगितला होता. त्यांनी वाटी भरली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "याच्यात मानूस जेवल?" मी हो म्हटलं. मी हात धुवायला वळले तेवढ्यात त्यांनी आणखी एक वाटी टाकली असावी, कारण थोड्या वेळानं झाकण वर उचललं गेलं, भात चारी बाजूंनी खाली उतरला आणि शेगडी विझली. ते टोपाकडे बघत उभे राहिले. "लाज वाटली वो," म्हणाले. "एवढासा तांदूळ हातात घ्यायची."

दुसऱ्या तालमीला त्यांनी मोजून पाऊण वाटी घातला. दात घट्ट आवळून. तो भात मात्र एकदम मोकळा झाला.

परीक्षेच्या दिवशी सगळं घर अंगणात होतं. सुना ओट्यावर, मधले भाऊ झोपाळ्यावर, आणि वहिनी मधोमध खुर्ची टाकून, मांडीवर सुपात लसूण घेऊन. मालकांनी पेटी उघडली. आडोसा लावला, शेगडी मांडली, चहा केला. मग भात. मग सुकट, मग दोन घावनं. चारही बाजूंनी सूचना येत होत्या. "दादूस, पानी कमी." "आजा, जलल." त्यांनी मान वर केली नाही. वहिनी उठल्या, भाताचं एक शीत बोटांत दाबून बघितलं, घावनाची कड मोडून बघितली.

"शिजलाय," त्या म्हणाल्या.

मालकांनी ताट वाढून घेतलं. तेवढ्यात फाटकातून धाकटे भाऊ आत आले, कुठेसे गेले होते ते. मालक म्हणाले, "ये रं, जेव," आणि ताट त्यांच्या हातात दिलं. विचार करून दिलं असं नाही. दार उघडलं की हात पुढे होतो, तसा तो झाला. भावाच्या मागून त्यांचा ड्रायव्हर आला. त्याला घावन मिळालं. शेजारच्या म्हाताऱ्या काकी कुंपणापलीकडून बघत होत्या, त्यांना उरलेला भात टोपासकट गेला. मालक मोकळे हात घेऊन उभे राहिले. चेहऱ्यावर पूर्ण समाधान.

वहिनींनी सूप खाली ठेवलं.

"आता तुमी काय खानार?"

मालकांनी तव्याकडे बघितलं, मग शेगडीकडे.

"रस्त्यात पन मानसं भेटनार," वहिनी म्हणाल्या. "गुराखी भेटल, पोरं भेटतील. तुमी एका मानसाचं शिजवनार आनि चौघांना हाक मारनार. मंग गोली घ्यानार आनि खड्ड्यात परनार. तिथं कोन हाय उचलायला?" आवाज चढलेला नव्हता. "सवयपाक पास. मानूस नापास."

त्या दिवशी दुपारी ते माझ्या दारात आले तेव्हा हेल्मेट घातलेलंच होतं. काढायचं सुचलं नव्हतं.

"शेगडी बरोबर, टोप बरोबर," ते म्हणाले. "मीच बरोबर नाय. मना कुनाच्या म्होरं एकट्यानं जेवता येत नाय. घास उतरत नाय."

"तांदूळ मोजायलाही येत नव्हता," मी म्हटलं. "आला ना? हेही येईल. उद्यापासून टोप घेऊन इकडे या."

ते आले. रोज येत राहिले. माझ्या खिडकीच्या कट्ट्यावर शेगडी मांडून त्यांनी भात आणि वरण करायचं, आणि मी समोर खुर्चीवर पुस्तक घेऊन बसायचं, काही न खाता. पहिल्या दिवशी त्यांनी घास तोंडाशी नेला आणि खाली ठेवला.

"तुमी घ्या ना थोडा."

"मला नको."

"मना बरं वाटनार नाय."

"नका वाटून घेऊ बरं. जेवा."

अर्धं ताट तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाठ केली. मी उठून पुन्हा समोर जाऊन बसले. ते रागावले. "तुमी बाई नाय, पोलिस हाय," म्हणाले, आणि रागाच्या भरात चार घास जास्त गेले. मग मला युक्ती सापडली. मी इंग्रजी पेपर मोठ्यानं वाचायची. ते ऐकत ऐकत जेवायचे आणि कधीतरी ताट रिकामं झालेलं त्यांनाच दिसायचं. पण ते म्हणाले, "रस्त्यान पेपर कोन वाचनार?" आणि तीही सोय त्यांनी सोडली. गप्प उभे राहून, माझ्या डोळ्यांत बघत, एकेक घास मोजून गिळल्यासारखा खात. अशा जिद्दीनं जेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

थंडी सरत आली, रुग्णालयाची तारीख जवळ आली, तेव्हा त्यांनीच घरात जाहीर केलं, पुन्हा बघा.

या वेळी वहिनींनी स्वतः तयारी केली होती. परीक्षा जेवायच्या ऐन वेळेला ठेवली आणि घरातला टोप मुद्दाम उशिरा चढवला, म्हणजे अंगणातला प्रत्येक माणूस भुकेला असेल. मालकांनी शिजवलं. ताट वाढलं. पेटीवर ठेवलं. आणि उभ्यानं जेवायला सुरुवात केली.

"दादूस, वास बरा येतोय," धाकटे भाऊ म्हणाले. "एक घावन दे की."

मालकांनी घास घेतला.

"सकाळपासून पोटात काय नाय रं माझे."

दुसरा घास. सुना पदराआड हसत होत्या. ड्रायव्हर समोर येऊन नुसता उभा राहिला, पढवल्यासारखा. मालकांच्या कपाळावर घाम आला होता, पण हात थांबला नाही. निम्मं ताट झालं. मग वहिनी खुर्चीवरून उठल्या आणि त्यांच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"मना एक घास?"

मालकांचा हात ताटावर तसाच राहिला. एवढ्या वर्षांच्या संसारात त्या बाईनं त्यांच्याकडे घास मागितला नसेल. त्याच सगळ्यांना वाढत आल्या होत्या. मला वाटलं, संपलं.

"तुझा टोप घरान हाय, गो," ते म्हणाले आणि घास स्वतःच्या तोंडात घातला.

वहिनी पाठ फिरवून ओट्यावर गेल्या. पायऱ्या चढताना त्यांनी डोळ्यांना पदर लावला. हसून लावला की कशानं, मला सांगता येणार नाही. वरून म्हणाल्या, "जा मंग. गोल्या इसरू नका."

निघायच्या सकाळी मी गॅलरीतून बघत होते. पेटी भरलेली. मालकांनी सवयीनं काटा काढून पेटी अडकवली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. पेटी उघडली. फडकं सोडलं. आत एक जास्तीचं ताट निघालं, स्टीलचं, घरातलं.

"हे कुनी ठेवलं?"

वहिनी ओट्यावर उभ्या होत्या. "राहू द्या. लागल कुनाला तरी."

"वजन होतं," मालक म्हणाले आणि ताट त्यांच्या हातात परत दिलं. वहिनींनी ते घेतलं, पोटाशी धरलं आणि गाडी गल्लीच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. मग आत जाऊन भाताचा टोप चढवला.

वाटेतून मला फोन करतो म्हणाले होते, पण दोन दिवस फोन नाही. वहिनी काही ना काही निमित्त काढून माझ्याकडे येत होत्या आणि माझ्या फोनकडे बघून जात होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी तो वाजला तेव्हा त्या माझ्याच स्वयंपाकघरात होत्या. मी आवाज मोठा केला. पलीकडे वारा होता आणि पाण्याचा आवाज.

"म्याडम, जेवलो," मालक म्हणाले. "सुरूच्या झाडांखाली. भात, सुकट, दोन घावनं. सगळं संपवलं. एकट्यानं."

वहिनी माझ्या खांद्यावरून पुढे झुकल्या. "कसा झाला भात?"

वहिनी तिथे आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं. 

"मीठ कमी पडलं, गो," ते म्हणाले. "उद्या बरोबर टाकतो."